बुवांसाठी नारळ

रविवारी सकाळी जयवंत चपला घालायला वाकला की त्याच्या आईचा, सोनूबाईचा, हात त्याच्या खांद्यावरून पुढे येई, आणि त्या हातात नारळ असे. शेंडी राखून सोललेला, हळदकुंकू लावलेला, आतलं पाणी कानाशी हलवून ऐकलेला. बाजारातल्या नारळवाल्याला घाम फोडून निवडलेला हा नारळ भांडुपच्या बुवांना पोचायचा होता.

"बुवांका माझो नमस्कार सांग," सोनूबाई म्हणे. "आणि निरूपणाक फुडे बस. मागे बसान झोपा काढू नको."

"होय गे आये."

नारळ पिशवीत टाकून जयवंत चारकोपच्या सेक्टरातून बाहेर पडे आणि भांडुपच्या बरोबर उलट्या दिशेला चालू लागे. भांडुपला बुवा होते की नव्हते हे त्याला ठाऊक नव्हतं. असतील, एवढ्या मोठ्या भांडुपात एखादा बुवा निघायचाच, असा त्याचा हिशोब होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते चारचौघांसारखं खोटं झालं असतं. तसली खोटी घराघरांत खपतात. पण या खोट्याचं दुसरं टोक सोनूबाईच्या जेवणाच्या ताटात होतं.

जयवंतचा थोरला भाऊ बाळा देवगडजवळच्या त्यांच्या गावी समुद्रात बुडाला, तेव्हा जयवंत किनाऱ्यावर त्याचा सदरा धरून उभा होता. बाळाने पोहायचं आणि धाकट्याने कपडे सांभाळायचे, अशी वाटणी होती. दिवस झाल्यावर सोनूबाई एकटी ओल्या वाळूत जाऊन उभी राहिली आणि तिने समुद्राला गाऱ्हाणं घातलं : थोरला घेतलास तो तुझा, धाकटा माझा. त्याचं पाऊल खाऱ्या पाण्यात पडणार नाही आणि माझ्या तोंडात वशाट पडणार नाही.

वशाटात मटण आलं, अंडी आली, पण खरा जीव मासळीत. मालवणी बाईच्या ताटातून मासा काढून घेतला की मागे काय उरतं, हे मालवणी माणसाला सांगावं लागत नाही. इतरांनी एवढंच लक्षात घ्यावं, की ही बाई घरातल्यांसाठी बांगडे तळत होती, तिखट-मीठ बरोबर पडलंय का ते नुसत्या वासावर ओळखत होती, आणि मग हात धुऊन स्वतःपुरती डाळ वाढून घेत होती. पुढे नवरा गेला, संपात जयवंतची गिरणी गेली, लालबागची खोली जाऊन चारकोपचं घर आलं, घरात प्रेमा सून म्हणून आली. सोनूबाईची डाळ बदलली नाही. मुंबईत इतकी वर्षं काढून ती कधी चौपाटीवरसुद्धा गेली नव्हती.

करार दोघांनी पाळायचा होता. त्यातली एक बाजू तरी चोख पाळली जात होती.

दुसरी बाजू बिघडवली चंद्रप्रकाशने. चंद्रप्रकाश हा लालबागच्या चाळीतला शेजारी, मूळ वेंगुर्ल्याचा, आता बोरिवलीला राहणारा आणि मालवाहू बोटीवर फिटर. त्याची बोट इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुठल्याशा गारठलेल्या गावात दुरुस्तीसाठी सबंध हिवाळा अडकून पडली होती. तिथली पोरं हाडं गोठवणाऱ्या पाण्यात लांबलचक फळ्या घेऊन उतरायची आणि लाटेवर उभी राहून किनाऱ्याला यायची. काम नसलेला चंद्रप्रकाश त्यांच्यात घुसला आणि शिकला. घरी येताना त्याने तसली एक फळी आणली, थंडी लागू नये म्हणून अंगावर चढवायचा काळा जाड रबरी सूट आणला. बायकोने सांगितलेला मिक्सर तेवढा राहिला.

"सर्फिंग म्हणतात याला, जयवंता," तो म्हणाला. "लाट ढकलते, आपण नुसतं उभं राहायचं. झकास काम!"

"मला पोहायला येत नाही, चंदू."

"कमरेएवढ्या पाण्यात शिकायचंय. बुडायलासुद्धा थोडी धमक लागते यार, ती तुझ्यात नाही."

आईचं गाऱ्हाणं जयवंतला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी तो गेला. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांवर लेबलं नीट बसली की नाही ते दिवसभर बघणारा माणूस; चाळिशी समोर दिसू लागलेली. आजवर त्याच्या आयुष्यात जे झालं ते त्याला न विचारता झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी 'येतोस का?' असं विचारलं होतं. शिवाय एक गोष्ट त्याने कधी कोणाला सांगितली नव्हती. पाण्यातून बाळाला किनारा कसा दिसत असेल, हे त्याला त्या दिवसापासून बघायचं होतं.

खाडी तरीच्या होडीतून ओलांडून गोराईला जायचं. तिथे मालन नावाची कोळीण बोंबील वाळत घालायची. तिच्या पडवीत फळी ठेवलेली असे. चंद्रप्रकाश थंड पाण्यात शिकला होता, त्यामुळे त्याची सगळी विद्या थंड पाण्याची. आधी वाळूत उड्या मारायच्या, मग तळवे चोळायचे, मग सूट चढवायचा.

"चंदू, हे गोराई आहे रे. इथे लोक घामाने भिजतात."

"जानेवारी आहे की नाही? शिकायचं तर पद्धतशीर शिकायचं. गार पाण्यात अंग आखडलं की वाट लागली!"

सूट चंद्रप्रकाशच्या पोटाच्या मापाचा होता. जयवंतसारखे दोघे त्यात मावले असते. पाणी गळ्यातून आत शिरे, पोटऱ्यांशी साचे, आणि जयवंत बाहेर यायचा तो पायांना दोन भरल्या घागरी बांधल्यासारखा. ऊन वर आलं की तो आतल्या आत शिजायचा.

मालन काठीवर बोंबील अडकवता अडकवता हसून वाकडी व्हायची. "काय रं चंदूशेठ, एवढा मोठा काळा हलवा कुठल्या जाळ्यात गावला तुला? बाजारात बसव त्याला, लगेच खपंल!"

थंडीतला समुद्र आळसावलेला, लाटा जेमतेम गुडघ्याच्या वर. चंद्रप्रकाश त्यांच्याकडे बघून उसासे टाकी. "तिथे घरावरून जाईल एवढी लाट यायची, यार. ही काय लाट आहे? चहाला याहून मोठी उकळी येते." पण शिकणाऱ्याला तेवढीच पुरे होती. फळीवर पालथं पडायचं, मान वळवून मागची लाट हेरायची, हातांनी पाणी मारायचं आणि ढकल बसली की एका झटक्यात पाय पोटाखाली घेऊन उठायचं. जयवंत उठण्यापर्यंत पोचायचा. पुढे फळी एकीकडे, तो दुसरीकडे, आणि नाकातोंडात मीठ.

पहिल्या रविवारी त्याने ठरवलं होतं, नारळ समुद्रालाच द्यायचा. तेवढंच पाप हलकं. पण तो कपडे बदलून येईपर्यंत चंद्रप्रकाशने तो दगडावर आपटला होता.

"अरे, तो बुवांचा होता!"

"कुठल्या बुवांचा? गार पाण्यातून आल्यावर अंगात ताकद नको? धर."

जयवंतने धरला आणि खाल्ला. खोबरं गोड होतं. गोड निघणारच, निवडलेलं कोणी होतं!

घरी गेल्यावर सोनूबाईने हात पुढे केला. "परसाद?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी 'संपला गे' म्हणून निभावलं, पण पुढच्या रविवारपासून तो येताना बोरिवलीच्या वाण्याकडून खडीसाखर बांधून घेऊ लागला. सोनूबाई पुडी आधी कपाळाला लावी, एक खडा डोळे मिटून जिभेवर ठेवी आणि उरलेले पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवी. शेजारणीच्या नातवाला ताप आला तेव्हा तिने त्यातला खडा नेऊन दिला आणि ताप उतरला. मग काय, अख्ख्या ओळीत भांडुपच्या बुवांचं नाव झालं. जयवंत मान खाली घालून चहा पीत राहिला.

प्रेमाच्या हाती तो लागला कपडे धुताना. तिने मोरीतून हाक मारली आणि पँटचा खिसा उलटा करून त्याच्यासमोर धरला.

"भांडुपला वाळू कुठून आली रे?"

"बुवांच्या मठाचं बांधकाम चाललंय."

"आणि हे शिंपले? बुवा तिसऱ्या खातात का?"

जयवंतने मोरीचं दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. प्रेमाने ओली पँट पिळून बादलीत टाकली.

"मला वाटलं बाई असेल," ती म्हणाली. "बाई असती तर भांडून तरी मोकळी झाले असते. तू मला फसव, मी बायको आहे, घेईन बघून. पण आईंना? त्या डाळ-भात जेवून तुला राखतायत आणि तू काळा हलवा होऊन उड्या मारतोयस?"

"एकदा नीट उभा राहतो गं लाटेवर. मग सांगतो तिला. शप्पथ."

अपराधी माणसाला मुदत मागायची भारी सवय. प्रेमाने ती दिली नाही, पण नाकारलीही नाही, आणि तेवढ्यात आणखी एक झालं. सोनूबाई नळावर भांडं भरताना चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मान हलवली. "आजी, रक्त फार कमी झालंय. गोळ्या लिहून देतो, पण मासे, अंडी, कलेजी खायला लागा."

"डॉक्टरानू, ता सोडून काय ता सांगा."

गोळ्या तिच्या पोटात टिकेनात. डाळीवर ती वर्षानुवर्षं चालत आली होती. आता भिंतीला हात लावून चालू लागली. रविवारी मात्र नारळ खांद्यावरून पुढे यायचाच. प्रेमा स्वयंपाकघराच्या दारातून जयवंतकडे नुसती बघे. तिने तोंड उघडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी उकडत होतं. जयवंतने सूट घालायला साफ नकार दिला, सदरा काढून चंद्रप्रकाशच्या हातात दिला आणि अर्ध्या चड्डीवर पाण्यात शिरला. एक लाट सोडली, दुसरी सोडली. तिसरीने ढकललं आणि तो उठला. फळी डुगडुगली, पण पायाखाली राहिली. तो उभा होता. पाणी त्याच्याखालून पळत होतं आणि समोरून सबंध गोराई त्याच्याकडे येत होती : माडाची ओळ, मालनच्या बोंबलांच्या काठ्या, आणि वाळूत त्याचा सदरा छातीशी धरून उभा असलेला एक माणूस. लांबून लहानगा दिसत होता.

असाच दिसत असणार. बाळाला शेवटचं हेच दिसलं असणार.

आनंद पुरता व्हायच्या आत जयवंत पाण्यात पडला.

"उभा राहिलास! आयला, जयवंता, उभा राहिलास तू!" चंद्रप्रकाश नाचत आला आणि सवयीने त्याने नारळ उचलला. जयवंतने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत घातला.

घरी आल्यावर तो नारळ त्याने आईसमोर ठेवला.

"बुवा भेटाक नाय?" सोनूबाईने विचारलं.

"बुवा नाहीतच, आये."

आणि त्याने सांगितलं. फळी, चंद्रप्रकाश, गोराई, सगळं. सांगताना त्याने मनात एक मांडणी केली होती : मी माझी बाजू मोडली, तरी काही झालं नाही, म्हणजे करार संपला, आता आई मोकळी. बाटल्यांवर लेबल चिकटवावं तितकं सरळ.

सोनूबाई रडली नाही. तिने पदराची गाठ सोडली. "ही साखर खंयची?"

"बोरिवलीच्या वाण्याकडची."

तिने उरलेले खडे एकेक करून फरशीवर, त्याच्या पायाशी ठेवले. मग म्हणाली, "आणि तू बुडलंस नाय."

"नाय."

"पडलंस?"

"पडलो. पुष्कळ पडलो."

"मगे तुका दर खेपेक वर कोणी काढल्यान?"

मांडणी उलटी बसली होती. त्याच्या लेखी जो करार मोडल्याचा पुरावा, तोच तिच्या लेखी करार चालू असल्याचा.

"तू पाण्यात जातंस, तर माका आता माझा सोडणा वाढवूक होया," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवणही सोडलं.

"मी पुन्हा जाणार नाही, आये. तुझी शप्पथ."

"तू सांगतलंस आणि मी मानतलंय? साखर खाल्लंय मी तुझ्या वाण्याची."

पुढचे रविवार जयवंत तिच्या नजरेसमोर बसून राहिला. सोनूबाईचं म्हणणं, मग हा कामाच्या दिवशी जात असणार. संध्याकाळी तो आला की ती त्याचा हात ओढून मनगट हुंगायची, खारट वास येतो का ते बघायला. वास नसला तरी जेवत नव्हती. चेहरा कागदासारखा होत चालला. जयवंतच्या गळ्याखाली घास उतरेना, आणि तो उतरत नाही म्हणून बोलायचीही सोय नव्हती. उपाशी कोण होतं ते दिसत होतं.

शेवटी प्रेमाने हातात घेतलं. सासूच्या समोर मांडी घालून बसली.

"आई, गाऱ्हाणं घातलं कोणी?"

"मी."

"मग हा मोडतो कसा? आणि ह्याच्या सांगण्याने सुटतं तरी कसं? तुम्ही घातलंत, तुम्हीच सोडवायला पाहिजे ना?"

सोनूबाईने विचार केला. नवसाच्या बाबतीत ती वकिलाला ऐकायची नाही. "खरा," ती म्हणाली. "पण जंय घातला, थंय जावक होया. गाव लांब."

"समुद्र गावचा वेगळा आणि गोराईचा वेगळा असतो का?"

सोनूबाईने गोराईहून परत आलेला तोच नारळ मागितला.

तरीत ती पाण्याकडे पाठ करून बसली. गोराईच्या वाळूत प्रेमाने एका बाजूने धरलं, जयवंत दुसऱ्या बाजूने धरायला गेला तर तिने कोपर काढून घेतलं. चंद्रप्रकाश आधीच येऊन, केस चापून बसवून उभा होता. सोनूबाई ओल्या वाळूच्या कडेला थांबली. इतक्या वर्षांनी तिने मान वर करून समुद्राकडे पाहिलं, पदर खोचला आणि आवाज लावला. एवढा आवाज तिच्यात उरला असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"बा समुद्रा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चंद्रप्रकाश ओरडला. कोकणातल्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की हे आपोआप तोंडातून निघतं.

"माझो थोरलो झील तू घेतलंस!"

"होय म्हाराजा!"

"धाकट्यापायी मी वशाट सोडलंय, तां अजून तोंडाक लावूक नाय!"

"होय म्हाराजा!"

"ह्या माझ्या झिलान माका फसवल्यान! बुवांचा नाव सांगान हय येय होतो!"

चंद्रप्रकाश वाळूकडे बघू लागला. सोनूबाई थांबली. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. लाट आली, गेली. बोंबलांच्या काठीपाशी मालनही हात थांबवून बघत होती.

"होय म्हाराजा," जयवंत एकटाच म्हणाला.

"माझे नारळ खाल्ल्यान!"

यावर दोन आवाज आले, दोन्ही बारीक. "होय म्हाराजा."

"वाण्याची साखर माका परसाद म्हणान चारल्यान!"

"होय म्हाराजा."

"तर मी माझा सोडलेला आजपासून परत घेतंय! ह्यो हय येतलो तर त्येचो तो येतलो. त्येचा तो, तुझा तू. माका मधी घेव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

तिने नारळ फेकला. ताकद नव्हती, तो पायाशीच पडला आणि लाटेने परत आणून दिला. तिने पुन्हा फेकला, पुन्हा परत. मग ती जयवंतकडे वळली.

"उभो काय रवलंस? एकतरी पोचव."

जयवंतने सदरा काढला. प्रेमा घ्यायला पुढे झाली, पण सोनूबाईने तो ओढून घेतला. तो नारळ घेऊन पाण्यात शिरला. गुडघ्याएवढं, मांडीएवढं. फळी नव्हती, सूट नव्हता. कमरेला पाणी लागलं तेव्हा तो शहारला. ऊन डोक्यावर होतं आणि पाणी गार होतं, इतकं गार की दात वाजू लागले. इतके रविवार याच पाण्यात काढले, पण ते त्याला आज पहिल्यांदा असं लागलं. आजवर तो इथे खेळत असताना तिकडे घरी कोणीतरी डाळीचा घास घेत होतं. आता ते बंद झालं होतं.

छातीएवढ्या पाण्यात, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे, त्याने नारळ सोडला आणि वळून पाहिलं. वाळूत म्हातारी उभी होती. तिच्या हातात सदरा होता, आणि तो तिने इतका पिळून धरला होता की जणू त्यातूनच पाणी निघणार होतं. तो किनाऱ्याला लागेपर्यंत तिने बोटं सैल केली नाहीत.

"एक लाट घे ना आता," चंद्रप्रकाश हळूच म्हणाला. "आता तर परवानगी आहे, यार."

जयवंतने नकारार्थी मान हलवली.

मालनने बांगडे दिले, आणि 'हलव्याच्या आईला' म्हणून वर चार जास्त घातले. घरी प्रेमाने ते तळले. सोनूबाईने पहिला तुकडा मोडला. काटा बाजूला काढायची सवय बोटांनी टाकली नव्हती. तोंडात धरून तिने तो जिभेवर घोळवला.

"मीठ कमी," ती म्हणाली, आणि जेवू लागली.

जयवंतने आपलं ताट थोडं पुढे सरकवलं. बांगडा तसाच होता.

"काय रे?" प्रेमाने विचारलं.

"नको वाटतंय."

"आज नको, की—"

सोनूबाईने मान वर न करता हात लांब केला, शेपटीला धरून त्याचा बांगडा आपल्या ताटात ओढला, मधोमध मोडला आणि डोक्याकडचा, चवीचा अर्धा भाग परत त्याच्या भातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "सोडणारा एक झाला ह्या घरात. पुरे."

जयवंतने खाल्लं. बांगडा चवदार होता, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं.